उंबऱ्याबाहेर कोयली

१७ नोव्हेंबर, रविवार

आली एकदाची! अंग तपकिरी, अर्धा कान नाही, बरगड्या वर आलेल्या. शुभंकर रस्त्यावरची मार खाल्लेली कुत्री उचलतो आणि आजारी माणसांच्या सोबतीला तयार करतो. ही बाजव्याजवळ सापडली, म्हणून शेजारच्या गावाचं नाव — कोयली. गोत्रीला त्याच्याकडे शिकली, उरलेलं आता आमच्या घरात शिकायचं.

बाबांची साखर एकदम उतरते आणि त्यांना कळतच नाही. पूर्वी घाम फुटायचा, हात कापायचे, ते सांगायचे. आता सरळ कोसळतात. साखर मोजायला दंडाला लावायचं यंत्र दोनदा उपटून टाकलं — "सोवळ्यात प्लास्टिक नको." मग आता कुत्री! हिला म्हणे वासावरून कळतं.

बाबा म्हणाले, "मृदुला, या घरात आजवर मांजरही पाळलं नाही." दुपारी बघते तर तिला पोळी भरवताहेत. तूप लावून!

२० नोव्हेंबर

फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी बाबांच्या घामाचे कापसाचे बोळे. साखर उतरली असताना टिपून ठेवलेले. रोज एक लपवायचा, तिने शोधायचा, की खाऊ. खरोखर साखर उतरली की तिने आधी हाताला नाक लावायचं. माणसाने लक्ष दिलं नाही तर कपडा धरून ओढायचं.

'बस' म्हटलं की 'ये' म्हणेपर्यंत उठत नाही. आज तिला जिन्यात बसवलं आणि विसरून भाजीला गेले. परत आले तर तिथेच, तशीच. समोरच्या बेन म्हणाल्या, "मृदुलाबेन, आ तो बहु डाही छे!" फारच शहाणी आहे म्हणे!

२४ नोव्हेंबर

कोयली आज देवघरात शिरली. बाबांच्या हाताला नाक लावलं. त्यांनी झिडकारलं, तर धोतर धरून ओढायला लागली. मी धावत जाऊन साखर तपासली — पंचावन्न! म्हणजे बरोबर होती ती!

आणि बाबा? सरबत पोटात गेलं, जीभ जागेवर आली, तसं पहिलं वाक्य — "शिवली मला! पाणी काढ अंघोळीला." मग निर्वाणीचं — ती देवघरात येणार असेल तर मी या घरात जेवणार नाही.

सकाळी इन्सुलिन टोचून घ्यायचं आणि पूजा होईपर्यंत पोटात कण नाही. या हट्टापुढे डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

२५ नोव्हेंबर

शुभंकरला फोन. देवघर सोडून बाकी घरात काम करेल ना, विचारलं. चिडलाच. "ताई, इशारा दिल्यावर तिला एकदा जरी हाकललंत ना, तर पुढच्या वेळी ती तुमचं ऐकेल, नाकाचं नाही."

बोलायला काय जातं! त्याला बाबांबरोबर राहायचं नाहीये.

१ डिसेंबर

शिकवलं. शुभंकरला न सांगता. उंबऱ्यावर पाय पडला की 'बाहेर!', मागे सरली की चीजचा तुकडा. पटकन शिकली. बाबांनाही 'बाहेर' म्हणायला शिकवलं. ते खूश, मी खूश. किती दिवसांनी घरात कुणी कुणावर ओरडलं नाही.

६ डिसेंबर

उद्या चंपाषष्ठी. वांगी आणली. पणजोबांचा कद पेटीतून काढून वाऱ्यावर टाकला. रेशीम वर्षातून या एकाच दिवशी बाहेर निघतं. बाबांनी उजेडात धरून इंच न् इंच पाहिला. "बघ, कुठे धागासुद्धा निघालेला नाही!"

खंडोबाचा टाक मी चिंचेने घासला. घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे. उद्या त्यालाही गंध-फूल. आमची मात्र उंबऱ्याबाहेर! बाबांना म्हटलं तर हसले. पण हट्ट काही हलला नाही.

७ डिसेंबर

बाबा आयसीयूत. शुद्ध नाही.

८ डिसेंबर

मी फक्त खाली गेले होते. सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून भांडण चाललेलं. मी पण तोंड घातलं. वर आले तर घंटा नाही, मंत्र नाही. बाबा कद नेसलेले, पाटावरून कलंडलेले, हातात भंडारा तसाच. आणि कोयली उंबऱ्याबाहेर बसलेली. बसलेली! ना भुंकली, ना मला बोलवायला खाली आली. थरथरत होती नुसती.

मीच शिकवलं होतं, मला कळतंय. तरी तिच्याकडे बघवत नाही. एवढा जीव लावला त्यांनी तिला — माणूस मरतंय आणि ही उंबरा सांभाळत बसली!

१० डिसेंबर

बाबा गेले.

१४ डिसेंबर

ती अजून देवघरापाशीच बसते. भेटायला येणारे म्हणतात, बघा, मुक्या जनावराला किती माया! माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आज तिला गाडीत घातलं आणि बाजव्याला नेलं. शुभंकरने जिथून उचलली होती तिथे, रस्त्याच्या कडेला. गाडी सुरू केल्यावर मागे धावायला लागली. मी काच खाली करून ओरडले — "बस!" बसली. आरशात दिसत होती तोवर बसलेलीच होती.

रडू आलं नाही. बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू?

१५ डिसेंबर

कोयलीला कुठे सोडलं ते शुभंकरला रात्री कळवलं होतं. आज येऊन गेला. आत आलाच नाही. "मला परत द्यायची होतीत, ताई. तिला आता रस्ता जमणार नाही." मी म्हटलं, तुझ्या कुत्रीने माझा बाप मारला. तो जिना उतरून गेला. गोत्रीला न जाता तसाच बाजव्याकडे गेला असणार.

१७ डिसेंबर

शुभंकरचा मेसेज — अजून सापडली नाही. उत्तर दिलं नाही.

२२ डिसेंबर

तेरावा झाला. कद गुरुजींना द्यायचा म्हणून आयसीयूतून दिलेली बाबांच्या कपड्यांची पिशवी आज पहिल्यांदा उघडली. हळदीने पिवळा झालाय. काठाशी वीतभर फाटलेला. फाटलेल्या जागेभोवती दातांची भोकं, आणि रेशमात अडकलेले तपकिरी केस.

आत गेली होती ती. ओढत होती. 'बाहेर' म्हटलं म्हणून बाहेर आली.

गाडीची किल्ली कुठे ठेवलीय मी? तिला 'ये' म्हणायचं राहिलंय.