श्रेयाचं लग्न मी थांबवणार आहे

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. विचार करणाऱ्या माणसाला लागतेच.
बी.ए. सेकंड इयर, विषय स्त्री आणि लिंगभाव अभ्यास. वर्गात सगळ्या मुली आणि मी. (आकाशनं पण नाव घातलंय, पण तो येत नाय.) मंजुषा मॅडम म्हणाल्या, या विषयाला मुलांनी यायला धाडस लागतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या. माझ्यामागं खिडकी होती, ती गोष्ट वेगळी.
संकल्प: स्वतःचे कपडे स्वतः धुणे. पुढच्या आठवड्यापासून, कारण या आठवड्याचे गावी न्यायचेत.

९ नोव्हेंबर, बिडकीन
घरी पाव्हणे. शेंद्र्याला कंपनीत असलेला गोकुळ नावाचा मुलगा, मुलगा म्हणजे तिशीचा. धाकटी बहीण श्रेया चहा घेऊन आली. साडीत. ती बारावी सायन्सला, सतराची. पाव्हण्यांनी तिला चालून दाखवायला लावलं. अप्रतिम फिल्डवर्क. मी नोट्स काढल्या, पोहे दोनदा घेतले.
नंतर माझे कपडे धुताना श्रेया म्हणाली, "दादा, अण्णांशी बोल ना. मला परीक्षा द्यायचीय."
बोलतो म्हणालो. कधी म्हणाली. म्हणालो, अशा गोष्टींना स्ट्रॅटेजी लागते. तिनं शर्ट जोरात आपटला. बटण गेलं.

१३ नोव्हेंबर
पितृसत्तेवर प्रेझेंटेशन. टाळ्या! बाहेर येऊन बघतो तर श्रेयाचे मिस्ड कॉल. मेसेज टाकला: बिझी होतो. घाबरू नको. मी आहे ना.
निळी टिक आली. उत्तर नाय. निर्धास्त झाली असणार.

१७ नोव्हेंबर
मॅडमनी कायदा शिकवला. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा. १०९८ ला फोन करायचा, करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. श्रेयाला लगेच फोनवर सांगितलं. नंबर पण दिला, पण म्हणालो तू काय करू नको, मीच करणार आहे.
हे सगळं शेजारच्या बाकावरच्या रूपाला सांगितलं. ती म्हणाली, मग कर की आत्ता. म्हणालो, रेंज नाय. तिनं स्वतःचा फोन पुढं केला. मी समजावलं की गावाकडची गुंतागुंत वेगळी असते, तुला नाय कळायची.
"मला नाय कळायची?" ती म्हणाली. फोन पर्समध्ये टाकला.

२३ नोव्हेंबर, बिडकीन
अण्णांशी बोलायला गेलो. मुद्दे पाठ होते. मी तोंड उघडायच्या आतच अण्णा म्हणाले, "काय शिकिवतेत रं तुमाला कालेजात?"
म्हणालो, समाजशास्त्रासारखंच असतं.
"बरं. लग्नात माईकवर तूच बोलायचं. लोकांना कळू दे बद्रीनाथचं पोरगं शिकतंय."
हो म्हणालो. व्यवस्थेच्या आत शिरल्याशिवाय ती बदलता येत नाय.
श्रेयाचा फोन बिघडलाय, आई म्हणाली. कॉलेजला पण जात नाय, पोट दुखतंय. आतल्या खोलीला बाहेरून नवी कडी बसवलीय. विचारलं कशाला. आई म्हणाली, उंदरं लई झालेत. मांजर पाळा, असं मी सुचवलं.

२८ नोव्हेंबर
तारीख ठरली, ७ डिसेंबर. बिडकीनला नाय, मामाच्या शेतात. पत्रिका नाय, बँड नाय, सकाळी लवकर. मामाचा फोन आला, कॉलेजात बोलू नको. त्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे!
रूपानं विचारलं, फोन केला का. प्रोसेसमध्ये आहे म्हणालो.

४ डिसेंबर
केला. १०९८. रिंग गेली. बाई बोलल्या, "बोला, मी ऐकतेय." आवाज थकलेला होता. काळजीवाहू कामातल्या स्त्रियांच्या भावनिक श्रमावर मी कालच टिपण लिहिलंय. आणखी भार नको म्हणून ठेवून दिला.

६ डिसेंबर, मामाचं शेत
हळद झाली. मामाचा माणूस रस्त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलाय. गोकुळराव भेटले. डबा दोन्ही शिफ्टला लागतो म्हणाले, गरम. नोंद केली.
श्रेया मेहंदीवालीकडून मेहंदी काढून घेत होती. मला बघून तिनं दुसरा हात मेहंदीवालीपुढं केला. आधी सारखी विचारायची, कधी बोलतो, कधी बोलतो. आता एकदम शांत. म्हणजे माझ्यावर सोपवलंय तिनं.
उद्या मंगलाष्टकं सुरू झाली की माईक हातात घेऊन थांबवणार. पहिलं वाक्य तयार आहे: उपस्थित बंधूंनो आणि विशेषतः भगिनींनो.

७ डिसेंबर
माईक हातात होता. "सर्वांनी अक्षता घ्याव्यात" एवढं माझ्या तोंडून गेलं. सवयीनं.
तेवढ्यात दोन गाड्या. ग्रामसेवक, पोलीस, जिल्हा बालसंरक्षण कक्षाच्या दोन मॅडम. अंतरपाट खाली पडला. जन्मदाखला मागितला. भटजी चपला शोधायला लागले.
मामा ओरडले, "कोणी केला फोन?"
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णा तर असे बघत होते की मी माईक खाली ठेवला. म्हणालो, आईची शपथ, मी नाय केला. अण्णा, खरंच नाय केला.
माईक चालू होता. शेतभर ऐकू गेलं.
श्रेया पाटावरून उतरली. "तो खरं बोलतोय," ती म्हणाली. "त्याच्यात नाय तेवढं. मी केला. मेहंदीवालीच्या फोनवरून."
अण्णा तिच्याकडं धावले. पोलिसांनी मधे धरलं. आई रडत खाली बसली. गाडीत बसताना श्रेया मॅडमना एवढंच म्हणाली, माझी पुस्तकं घरी राहिलीत.
मी विचार करतोय की नंबर मुळात मी दिला होता.

११ डिसेंबर
वर्गात कुणाला तरी कळलं होतं. मॅडम म्हणाल्या, आपल्यातल्या एका विद्यार्थ्यानं स्वतःच्या घरात बालविवाह रोखला. सगळा वर्ग उभा. टाळ्या. मी सांगणारच होतो, पण एवढ्या टाळ्यांत काय ऐकू जाणार?
बाहेर रूपानं विचारलं, "तू केला होता?"
कॉन्फिडेन्शियल असतं म्हणालो. ती हसली नाय. आता दुसऱ्या बाकावर बसते.

२९ डिसेंबर
अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, कारण मीच फूस लावली असं त्यांना अजून वाटतं. कॉलेजात सत्कार ठरलाय, त्याच कारणासाठी. दोन्हीकडं खुलासा करायचा. आधी कुठं, ते ठरत नाय.

१५ जानेवारी
सत्कार झाला. शाल बरी आहे. भाषणात म्हणालो, माझ्या बहिणीचा आवाज मी झालो. मॅडमचे डोळे भरून आले. रूपा उठून गेली.
ठरवलं, श्रेयाला भेटायचं. तिला आधाराची गरज असणार. बालकल्याण समितीनं तिला शहरातल्याच बालगृहात ठेवलंय. माझ्या रूमपासून रिक्षानं जवळच. वेळच मिळाला नाय.

२५ जानेवारी
गेलो. गेटवरच्या मॅडमना म्हणालो, श्रेयाचा भाऊ. त्या आत गेल्या. मी बाकावर बसलो. काय बोलायचं ते येतानाच ठरवलं होतं, मोठं होतं.
मॅडम बाहेर आल्या. "ती विचारतेय, काही काम आहे का?"
लई आठवून बघितलं. काही काम सापडेना. म्हणालो, काम असं नाय, सहजच.
त्या परत आत गेल्या. परत आल्या.
"फिजिक्सचा अभ्यास चाललाय म्हणाली. काम नसेल तर परीक्षेनंतर या."