शेवट माझ्याकडे, सुरुवात वरवंडात

भोंऽऽऽ.

आधी शंखासारखा, मग लांब जाणाऱ्या मालगाडीसारखा, आणि कॅसेट घासलेली असल्यामुळे शेवटी थोडा रडवेला. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो दौंडला, रेल्वे कॉलनीच्या रस्त्यावरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात, ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळी दुपारी. वकीलसाहेबांनी बजावले आहे की मृत्युपत्राच्या आरंभी स्मरणशक्ती शाबूत असल्याचे लिहावे. नुसते लिहिल्याने कोण विश्वास ठेवतो? म्हणून पुराव्यादाखल आवाजच जोडला आहे.

तर मी, मल्हार सखाराम कोळपे, वय पंच्याहत्तर, धंदा पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, सध्या आराम, राहणार न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भरीस पाडल्याने नव्हे, तर राजीखुशीने, माझ्या ओसरीवर बसून, वांग्याची भाजी आणि भाकरी पोटभर खाऊन लिहून ठेवीत आहे. निमित्त एवढेच की पुढच्या बुधवारी पुण्याच्या दवाखान्यात माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, घाबरू नका, हे आमचं रोजचंच आहे." त्यांचे रोजचे असेल. माझे पहिलेच आहे.

कलम १. न्हावऱ्याचे राहते घर माझी पत्नी सौ. सुषमा हिचे. तिच्या पश्चात मुलगा रविराज आणि मुलगी प्रतिभा यांचे, सारखे. प्रतिभा "मला नको" म्हणेल. तरी द्यावे. ती लहानपणापासून आधी नको म्हणते आणि मग दादाच्या ताटातले खाते. मळ्याची जमीनही दोघांची. कसणारा रविराज आहे, म्हणून विहिरीकडची बाजू त्याला.

हे वाचून दाखवले तेव्हा सुषमा म्हणाली, "घर माज्या नावावर केलं त्ये ब्येस. पन त्या टीव्हीमागची वायरींची जाळी म्या पयल्या दिवशी काडून टाकीन, सांगून ठिवते."

मी म्हणालो, "तेरावा तरी होऊ दे."

"इतकं दिस कशाला?" ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. ती अशीच आहे. विनोद स्वतःच करते आणि रडतेही स्वतःच.

कलम २. पोस्टातली आणि सोसायटीतली ठेव सुषमाची. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, ठेवही तेवढीच आहे.

कलम ३. माझे मीटर, सोल्डरिंगची कावी, पकडी, स्क्रू ड्रायव्हर आणि बारीक ब्रश ललितास. ललिता म्हणजे माझी बहीण कस्तुराबाई हिची सून. शिरूरला बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करते. आमच्या घराण्यात मेंढरांच्या पायातले काटे काढायची परंपरा. मी टीव्हीतले काढले, ती मोबाइलमधले काढते. अट एकच, कावीची मूठ बदलू नये. ती बाभळीची आहे, माझ्या वडिलांनी त्यांची काठी कापून करून दिली होती. मी मेंढरे सोडून दुकान टाकतो म्हणालो त्या दिवशी त्यांनी फक्त काठी कापली होती.

कलम ४. ट्रंकेतली मराठीची जुनी पाठ्यपुस्तके गावच्या शाळेला. इतिहास-भूगोलाची रद्दीत घालावीत, कवितांची नाही. शाळेने ती कपाटात कोंडू नयेत. दर शनिवारी सकाळी एक कविता सगळ्या वर्गाने मोठ्याने, चालीवर म्हणावी. हल्ली मुले कविता मनात वाचतात. पेढा मनात खातात काय?

कलम ५. जुनी भांडणे. ती माझ्याबरोबर जळावीत, मुलांनी पुढे चालवू नयेत. मात्र दोन कायम ठेवावीत. एक, शाळेच्या कविता-पाठांतर स्पर्धेत माझे बक्षीस "चाल फार रडकी" म्हणून कापणारे परीक्षक. ते वारले आहेत, तरी ठेवावे. दुसरे, मला "म्हातारपणी कार्टूनं बघतो" म्हणणारे व्याही. ते जिवंत आहेत, म्हणून ठेवावे.

कलम ६. हे कलम मी मागे मागे ढकलत होतो. आता पुढे फक्त खांदा देण्याचे कलम उरले आहे.

रेल्वे कॉलनीतल्या डिक्रूझबाईंनी दुकानात एक व्हीसीआर आणून टाकला, कॅसेट अडकली म्हणून. अडकलेली कॅसेट सोडवली आणि चालते का बघायला लावली. वर सांगितलेला तो भोंगा वाजला आणि पडद्यावर काळ्या आभाळात एक होडी आली. खरोखरची, वल्ह्याची होडी, एका ताऱ्याच्या काठावरून दुसऱ्याच्या काठावर उतारू नेणारी. मी काम टाकून बघत बसलो. आमच्या लहानपणी भीमा ओलांडायची तर होडीच होती. मेंढरे पोहत आणि आम्ही पोरे होडीत. मला वाटले, विलायतेत आमचा घाट कोणी पाहिला?

ती मालिका तिकडे कित्येक वर्षे चालू होती, अजून आहे. डिक्रूझबाईंचा भाऊ इंग्लंडात राहून ती टेप करी आणि पाठवी, आणि बाईंचे बघून झाले की खोके आमच्याकडे येई. तिचे इंग्रजी नाव जिभेला जड, म्हणून आम्ही तिला 'होडीवाली' म्हणत असू. तिच्यातला नावाडी म्हातारा झाला की वल्हे दुसऱ्याच्या हाती देतो, मग नट बदलतो, होडी तीच. पुढे तिला फाटे फुटले. होडीतली एक बाई पैलतीरावर उतरून खाणावळ काढते, तिची वेगळी मालिका झाली. जिथे होडी दुरुस्त होते त्या गोदीचीही झाली.

'आमच्याकडे' म्हणजे मी आणि वरवंडचे जयसिंग दिवेकर. दौंडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो बागाईतदाराचा, मी मेंढपाळाचा. त्याला गणित येई, मला कविता. परीक्षेत दोघांचे भागले. 'होडीवाली'चे इंग्रजी तो समजावून सांगे, आणि जिथे त्यालाही समजत नसे तिथे मी माझी ओळ घालत असे.

वल्हे मार रे नावाड्या, दूर राहिला किनारा,
आज नभाच्या डोहात भिजू लागला रे तारा.

यावर जयसिंग म्हणायचा, "मल्ह्या, ह्या माणसानं फक्त 'ब्रेक लाव' म्हटलंय."

सगळे खोके त्याच्या वरवंडच्या घरी असत, टीव्ही मोठा म्हणून. दर काही वर्षांनी पहिल्या भागापासून पुन्हा सुरू करायचे. त्याला आम्ही पारायण म्हणत असू. पाचव्या पारायणात मोडले. खाणावळवाली बाई होडीतून उतरली आणि जयसिंग उठून खाणावळीची कॅसेट शोधू लागला.

मी म्हणालो, "हे काय? आधी होडी संपवू. फाटे मागनं."

"बाईमाणूस परक्या काठावर उतरलंय, आन् आपण पुढं निघून जायचं व्हय? तिच्यासंगं उतरायचं."

"मधल्या पाण्यात होडी सोडून खाणावळीत जेवायला बसायचं?"

"तू मेंढरामागं चालून चालून एकाच वाटंनं विचार करतोस."

"मेंढरं एका वाटंनं कवाच चालत न्हाईत, पाटील. उसावानी एका जागी उभं ऱ्हायची सवय तुमची."

हसण्यावारी गेले असते. पण त्याचे जावई बसले होते, पुतणे बसले होते. त्यांच्यापुढे जयसिंगला माघार घेता येईना आणि मलाही. तो म्हणाला, "वाटणी कर."

आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, म्हणजे थोरला लबाडी करीत नाही. मी जयसिंगहून काही महिन्यांनी थोरला. माझ्या बाजूने चुलतभाऊ बिरदेव पंच, त्याच्या बाजूने त्याचा पुतण्या. मी रागात होतो, आणि राग आला की मी फार न्यायाने वागतो. कांद्याच्या गोण्या वाटाव्यात तशा कॅसेटी मांडल्या, ओळीने, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही ढीग सारखे. जयसिंगने न बघता डावा उचलला. मी उजवा पोत्यात भरून न्हावऱ्याला आणला. पंचांसमोर शब्द झाला की एकाने दुसऱ्याचा वाटा बघायचा नाही आणि कोणी कोणाकडे मागायचाही नाही.

घरी येऊन पोते उघडले तेव्हा उजेड पडला. 'होडीवाली'ची प्रत्येक गोष्ट दोन कॅसेटींची. एक इकडे, एक तिकडे केल्यावर सगळ्या सुरुवाती त्याच्याकडे गेल्या आणि सगळे शेवट माझ्याकडे आले.

रविराज म्हणतो, "आबा, नेटवर मिळतंय सगळं, मी लावून देतो." मिळते, मला ठाऊक आहे. पण मग शब्द कशाला दिला?

पाच वर्षे मी शेवटच बघतो आहे. लोक सुटतात, मिठ्या मारतात, होडी निघते, आणि मला माहीत नसते की ते अडकले होते कशात. आठवून पाहतो, थोडे आठवते, थोडे मी रचतो. त्यात मजा आहे, नाही म्हणत नाही. पण मधे थांबवून "आता हा काय म्हणाला रे?" असे विचारावे, तर शेजारच्या खुर्चीवर सुषमाचे निवडायचे धान्य असते.

म्हणून लिहितो की माझ्याकडचे पोते, सर्व शेवटांसह, माझ्या पश्चात जयसिंग दिवेकर यांस द्यावे. जिवंतपणी देणे म्हणजे शब्द मोडणे. मेलेल्यावर पंचांचा शब्द चालत नाही, हे बिरदेवला विचारून घेतले आहे. क्रमाची अट घालीत नाही. त्याने खाणावळीत केव्हाही उतरावे. ती बाई तिथे एकटी होती हे त्याचे म्हणणे बरोबर होते. यात एकच उणे राहते. गोष्टी जुळतील तेव्हा बघायला मी नसेन, आणि त्याला इंग्रजी कळले नाही तर ओळ कोण घालणार?

कलम ७. मला खांदा देताना घाई करू नये. बुधवारनंतर मी धड परत आलो आणि हे कागद चुलीत घालायची वेळ आली, तर तो मान सुषमाचा.

येथवर लिहून झाल्यावर बिरदेवची साक्ष घेतली. दुसऱ्या साक्षीला शाळेचे विक्रम गुरुजी येणार होते, त्यांची वाट बघत असता दारात जीप थांबली. गुरुजींकडे तर स्कूटर आहे. उंबऱ्यात उभ्या राहिल्या त्या जयसिंगच्या मंडळी, पुतळाबाई वहिनी. डोक्यावर पदर, काखेत पोते. या बाईने आजवर टीव्हीसमोर बसलेले मी पाहिले नव्हते. आम्ही पारायणाला बसलो की त्या मुद्दाम भांडी आपटायच्या.

"भाऊजी," पोते टेकवून त्या म्हणाल्या, "त्या गोदीतल्या बाईचं लेकरू सापडतंय का न्हाई?"

मी बिरदेवकडे पाहिले.

"पाच वर्सं झाली. ह्ये रोज संध्याकाळी लावून बसत्यात, म्हटलं चला, आपुन बी बसावं. तर लेकरू हरवतंय आन् कॅसेट संपती! दुसरी लावली, तर नावाड्याची होडी फुटती आन् संपती! जिवाला घोर लागलाय माज्या. तुमच्याकडं हाय म्हनं पुढचं."

"वहिनी, पण पंचांपुढं शब्द..."

"तो ह्यांनी दिला आन् तुमी दिला. मला कुनी इचारलंवतं? आन् ह्ये पोतं आता माजं हाय. काल घेतलं मागून."

"दिलं त्यानं?"

"दिलं न्हवं, उचलून जीपमधी घातलं. कालच आमाला कळलं तुमच्या छातीचं." त्यांनी दाराकडे बोट केले. "बसल्यात बाहीर जीपमधी. म्हनत्यात, मल्ह्यानं बोलीवल्याबगर उतरायचो न्हाई."

बिरदेवने पंच या नात्याने जाहीर केले की वहिनींचे बरोबर आहे, शब्द दोघांपुरताच होता. सुषमाने खुर्चीवरचे धान्य उचलले. मी ओसरीवरून हाक मारली, "जयश्या, उतर की रे!" डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली आहे, तरी मारली.

दुरुस्ती : कलम ६ खोडले आहे. जे आज संध्याकाळपासून सगळ्यांनी मिळून बघायचे, ते मेल्यावर कोणाला काय द्यायचे? बाकी कलमे कायम.

ठिकाण : न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : मल्हार सखाराम कोळपे (सही)

साक्षीदार १ : बिरदेव कोळपे, रा. न्हावरे (सही)

साक्षीदार २ : पुतळाबाई जयसिंग दिवेकर, रा. वरवंड, ता. दौंड. ज्याला काही मिळणार त्याच्या पत्नीची साक्ष चालत नाही, पण कलम ६ गेल्यामुळे त्यांच्या साक्षीला हरकत उरलेली नाही. तथापि "आदी त्या लेकराचं दावा, मग सही" असे म्हणाल्यामुळे जागा तूर्त सोडली आहे.