उत्तरेच्या भिंतीच्या दरजा

मंगळवार, ९ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तू आणि बाळ खुशाल असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायला कोणाला वेळ आहे?

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. 'वखारीच्या दारावर बाबांचं नाव लावू नका. ज्या भिंतींपायी त्यांना नातवाचं तोंड बघायला सवड झाली नाही, तिथे त्यांचं नाव मला नको. उद्घाटनालाही मी येणार नाही.' पत्र समितीला उद्देशून होतं. समितीची पत्रं मीच फोडते. ते अजून पुढे दिलेलं नाही, कारण उत्तर आधी मी द्यायला हवं.

पण आधी कामाचं सांगते. तू शेवटची आलीस तेव्हा वखारीला छप्पर नव्हतं. आत कमरेएवढं गवत आणि मधोमध ते झाड. झाड ठेवलं आहे. त्याच्याभोवती अंगण सोडून तीन बाजूंना खोल्या काढल्या: पाळणाघर, शिवणवर्ग आणि वाचनालय. नवी वीट एकही आणली नाही. पडलेले दगड तुझ्या बाबांनी धुऊन, आकारमानाप्रमाणे रचून ठेवले होते. भिंतींची भगदाडं त्यांनीच बुजवली. छपराचं लाकूड एका मोडीत काढलेल्या पुलाचं. छप्पर स्वतःच्या खांबांवर उभं आहे, जुन्या भिंतींवर त्याचा भार नाही. पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाकीत जातं. ऊन वरच्या कौलांनी आणि दोन हात जाड भिंतींनी अडवलं, गरम हवा झरोक्यांतून बाहेर पडते, त्यामुळे भर दुपारीसुद्धा पंखा लागत नाही. आराखडा माझा. हात त्याचे, माझ्या भावाचे.

गवंडी मला पाठीमागे 'ओळंबा' म्हणत, भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. मला ठाऊक होतं. एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, "कौतुक आहे गं ते, ताई. ओळंबा खोटं बोलत नाही."

कामाचं लिहिलं की मला बरं वाटतं. म्हणूनच इतकं लिहिलं. आता मुद्द्यावर येते.

आम्हां दोघांपैकी एकालाच शिकवणं घराला जमणार होतं. नंबर माझा यायचा, म्हणून मी कॉलेजात गेले आणि तो चौथीतून उठून थापी धरायला गेला. मी सरकारी इमारती बांधून निवृत्त झाले. तो जुन्या इमारती चुन्यात दुरुस्त करत राहिला. वखारीवर आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एकत्र काम केलं. मी साहेब, तो मुख्य गवंडी. आमचं भांडण फक्त एका गोष्टीवरून व्हायचं, घाईवरून. चुना आपल्या मर्जीने वाळतो आणि मी आपल्या मर्जीने चालते.

मार्चच्या पंधरा तारखेला पाहणी होती. ती पार पडल्याशिवाय छपराला परवानगी नव्हती. उत्तरेची भिंत तयार नव्हती. तो म्हणाला, "महिनाभर तरी लागेल. तारीख पुढे ढकल." मी म्हणाले, "तारीख ढकलत नसतात, काम ढकलतात." मग तो छाती दाखवायला तीन दिवस मोठ्या दवाखान्यात गेला. त्याची माणसंही सुट्टीवर होती. मी बाहेरून दोन गवंडी बोलावले आणि त्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या.

दरजा म्हणजे दगडांमधल्या फटी. जुनी भिंत ओल पिते आणि या फटींतल्या चुन्यातून ती बाहेर टाकते. तिथे सिमेंट बसलं की पाणी दगडात कोंडतं आणि दगड फुटू लागतो. मला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

पाहणी झाली. भिंत चकचकीत दिसत होती. नोंदवहीत सिमेंट का वापरलं ते लिहावं लागतं. मी लिहिलं, 'मुख्य गवंड्याच्या सल्ल्याने.'

तो परतला आणि त्याने भिंतीवर तळवा ठेवला. "ताई, हिचं नाक दाबलंस गं." मग नोंदवही उघडली. अक्षराखाली बोट फिरवत त्याने ती ओळ वाचली, खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली.

"अरे, शिव्या तरी घाल," मी म्हणाले.

"कशाला? तुझं नाव गेलं तर तुझ्याकडे दुसरं काय आहे? माझं काय, गवंड्याच्या चुका रोजच्याच."

लागलं. खरं होतं म्हणून.

मेच्या मध्याला खालच्या दगडांचे पापुद्रे सुटायला लागले. पावसाच्या आत सिमेंट काढायलाच हवं होतं. यंत्राने दगडांच्या कडा उडाल्या असत्या, म्हणून छिन्नी-हातोडीने. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "माझी चूक, मीच निस्तरणार." हाताखालची पोरं त्याला मामा म्हणत, ती हसली, "मामांचा हात गेला आता." तो म्हणाला, "हात गेला रे, डोळे शाबूत आहेत. तुझ्या भिंतीतली फट नीट घास." मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलले असते तर दहा हात त्या भिंतीला लागले असते आणि चार दिवसांत काम झालं असतं. मी त्याला तोंडाला बांधायचा मास्क आणून दिला. श्वास पुरेना की तो हनुवटीखाली ओढायचा. डॉक्टरांनी त्याला धूळ वर्ज्य सांगितली होती, हेही मला ठाऊक होतं.

तुझ्याकडे यायचं त्याचं तिकीट दोन जूनचं होतं. अर्धी भिंत राहिली होती. तीन तारखेला साइटवर तुझा फोन आला. मुलगा झाला म्हणालीस, आणि विचारलंस, "बाबा निघाले का?" मी म्हणाले, "दहा-बारा दिवसांचं काम आहे अजून." तू म्हणालीस, "त्यांना सांग आत्या, आता निघाले नाहीत तर पुन्हा येऊच नका. त्या भिंतीलाच मांडीवर घेऊन बसा."

फोन ठेवला. तो परांचीवर बसून विचारत होता, "काय म्हणाली भिंगरी?"

भिंगरी, हे लिहायला मी चार महिने घेतले. मी म्हणाले, "मुलगा झाला. दोघं छान आहेत. म्हणाली, काम उरकून सवडीने या."

त्याने हातातली छिन्नी खाली ठेवली, धुळीच्या हातांनी डोळे पुसले, सगळा चेहरा पांढरा झाला. "बघ! माझी पोर किती समजूतदार." आणि छिन्नी उचलली.

चौदाला भिंत मोकळी झाली. सतराला त्याने दरजा चुन्याने भरल्या. एकोणीसला दवाखान्यात ठेवलं. तुला कळवूया का विचारलं, तर म्हणाला, "बाळंतिणीला घोर नको. तिचा फोनही येत नाही बघ. माझा खोळंबा नको म्हणून करत नसेल."

मी "हो" म्हणाले.

पंचवीसला तो गेला. तू आली नाहीस म्हणून लोक बोलले. मी त्यांची तोंडं बंद केली, पण खरं सांगून नाही, दरडावून.

शनिवारी समितीपुढे मी भिंतीचं हे सगळं उभं राहून सांगितलं. नोंदवहीतली ओळ लाल शाईने दुरुस्त केली, खाली तारीख आणि माझी सही. आराखड्यावरचं माझं नाव काढा म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "बघू या." मी म्हटलं, "बघू नका, काढा." तुझ्या फोनचं मात्र तिथे बोलले नाही. ते तुझं आहे.

तुझं पत्र उद्या समितीला देते. नाव नको म्हणालीस तर लागणार नाही. मुलगी तू आहेस. फक्त कारण बदल. भिंतीपायी तो थांबला नाही. माझ्यापायी थांबला, आणि तू परवानगी दिली आहेस असं समजून थांबला. गेला तेव्हा तुझ्यावर रुसलेला नव्हता. तू त्याच्यावर रुसली आहेस, हे मी त्याला कळूच दिलं नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की ती देण्याचं ओझं तुझ्यावर पडेल, आणि आम्ही दोघांनी तुला पुरेसं एकटं टाकलं आहे. उत्तर लिहू नकोस. लिहावंसंच वाटलं तर बाळाचं नाव काय ठेवलंस तेवढं कळव. मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची मला छाती झाली नाही.

खाली 'तुझी आत्या' लिहायला गेले. हात वळेना.

तुझ्या बाबांची,
ताई