दोर ओला होता

गुरुवार, ११ सप्टेंबर

जमलं! शनिवारी वलसाडच्या पुढे, खाडीवरचा दोरांचा पूल बघायला जायचं. लेक देवश्री आणि जावई धवल त्यांच्या समा भागातल्या घरून गाडी घेऊन सकाळी सहाला आमच्याकडे रावपुऱ्यात येणार. हे म्हणाले, "पितृपक्षात कसली सहल?" मी म्हटलं, "पितरांचं काय अडतंय? त्यांना का पुलावर बसून जेवायचंय?" हसले. म्हणजे येणार.

संध्याकाळी वर्ग. एकतीस वर्षं मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतेय आणि नियम एकच — बाईंचा हात वरपासून खालपर्यंत फिरल्याशिवाय कुणी दोराला लागायचं नाही. ओल, उसवलेला पीळ, सगळं हाताला कळतं. डोळे फसतात, हात नाही. आज एका चिमुरडीने विचारलं, "बाई, तुम्ही मशीन आहात का?" हो म्हटलं! घरी येऊन यांना सांगितलं तर यांची करमणूक झाली.

बोटांना मुंग्या आहेतच. साखर आहे म्हटल्यावर येणारच. डॉक्टर उगाच बाऊ करतात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

दशम्या झाल्या, लसणाची चटणी झाली, धवलसाठी गोड लोणचं घेतलं. दोन छत्र्या. यांची टोपी मात्र सापडत नाही!

शनिवार, १३ सप्टेंबर

काय तो पूल! या काठापासून समोरच्या खडकापर्यंत काथ्याचे जाड दोर, खाली फळ्या, मधे चांगला लवलेला. खाली भरतीचं पाणी चढत होतं. आभाळाचा मात्र काही भरवसा नाही. डोळे दिपतील असं ऊन, पाच मिनिटांत अंधारून येतं, सर, की परत ऊन! पूल राखणारे काका सर आली की कुणाला सोडत नाहीत. दोर ओला असला की हातातून निसटतो.

तिसरी सर थांबली. देवश्री ओरडली, "काका, दोर सुकला का ते आमच्या आईला विचारा! तिचा जन्म दोरावर गेलाय." झालं! बाई ऐटीत पुढे. डोळे मिटून हातभर-हातभर दोर चाचपला आणि म्हटलं, "कोरडा. चला!"

मागोमाग धवलने हात लावला. "मम्मी, आ तो साव भीनो छे!" तळवा दाखवला. निथळत होता.

सगळे हसले. हे म्हणाले, "मशीन बिघडली!" मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. काथ्याचा दोर वेगळा, आपला सुती वेगळा, असं काहीबाही सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं — एखाद्या मुलीने असं कारण दिलं असतं तर तिला सोडली नसती मी.

अर्ध्या तासाने काकांनी सोडलं. मधोमध पूल असा काही हेलकावला की यांनी "शलाका!" म्हणून माझा दंडच धरला. छत्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत पहिल्यांदा! दोघंही थांबून लहान मुलांसारखे खिदळलो. वारा, खारट तुषार, वर लख्ख ऊन. फार फार बरं वाटलं.

पलीकडे पोचलो तर धवल घाबरून, "मम्मी, लोही!" दोराला बांधलेल्या तारेचं टोक लागून बोट चिरलं होतं. रक्त मनगटापर्यंत आलेलं. मला पत्ताच नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

सहल झकास झाली, हे आधी लिहून ठेवते.

हे दुपारी झोपल्यावर स्वयंपाकघरात दोन फडकी घेतली. एक ओलं, एक कोरडं. डोळे मिटून पाच वेळा उचललं. तीनदा चुकले.

म्हणजे किती दिवस मी पोरींना नुसत्या अंदाजाने चढवतेय? सात-सात वर्षांच्या मुली, डोकं खाली, सगळा भार पायाच्या बोटांतल्या दोरावर. लाज वाटली.

श्रद्धाला सांगायचं. माझीच विद्यार्थिनी, आता सव्वीस वर्षांची, चार वर्षं माझ्याबरोबर शिकवतेय. दोर तपासायचं काम उद्यापासून तिचं. मग बाईंकडे उरलं काय? शिट्टी!

सोमवार, १५ सप्टेंबर

वर्गाआधीच श्रद्धाला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाई, रागावू नका हं. जानेवारीतल्या उत्तराणपासून, संक्रांतीपासून, रोज तुमच्या आधी येऊन मी दोर तपासते. तेव्हा एकदा ओल्या दोराला तुम्ही 'चालेल' म्हणाला होतात. ओला असला की मी बदलते, मगच तुम्हाला देते."

आठ महिने! आणि एका शब्दाने बोलली नाही! मी म्हटलं, "अगं, मग मला कशाला हात फिरवू देत होतीस?"

"तुमचा हात फिरल्याशिवाय पोरी चढतच नाहीत, बाई."

आज सगळ्यांच्या देखत आधी तिने हात फिरवला, मग मी.