पहिल्या पानावरचं लाल बटण

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस आणि कंपनीची मेल तुझी बंद केलेली आहे, म्हणून शेवटी कागद काढला. अक्षराला हसू नकोस. वाणसामानाच्या यादीपलीकडे कित्येक वर्षांत हातानं काही लिहिलेलं नाही.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण तक्रार करण्याइतका नाही, असं ती म्हणते आणि मग तासभर तक्रार करते. तुझी भाची सायकल शिकली. वळता येत नाही अजून, त्यामुळे सरळ जाते आणि भिंत आली की उतरते. आत्या कधी येणार, म्हणून रोज विचारते.

आपल्या कंपनीच्या पोर्टलचं काम संपलं एकदाचं. तेच ते, रजा टाकायचं आणि पगारपत्रक बघायचं आतलं संकेतस्थळ. पाच महिने मी दुसरं काहीच केलं नाही. कुठल्या यादीत काय ठेवायचं, बटणं गोल की चौकोनी, वरची पट्टी किती जाड. निळ्या रंगावर साहेब लोकांच्या तीन बैठका झाल्या. मी चौदा निळे दाखवले आणि शेवटी पहिलाच ठरला. जुनं करडं पोर्टल आता ओळखूही येणार नाही, सगळे म्हणतात छान झालंय.

चौकशीचं कळलं. तू निलंबित आहेस हे आईला सांगितलेलं नाही, तू सुट्टीवर आहेस असं तिला वाटतंय. तुझ्या हाताखालच्या त्या बडबड्या मुलीच्या, चिमणीच्या बोटांचं ऐकून फार वाईट वाटलं. पण ताई, धीर सोडू नकोस. समितीवर भली माणसं असतात, सगळं नियमाप्रमाणे होईल.

अपघाताच्या आधी तू मला कामावरून फोन केला होतास, त्याबद्दल समितीत काही बोललीस का? सहज विचारतो.

तब्येतीला जप.

तुझा,
गोटू


१९ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, आणि येणार तरी कसं? जे सांगायचं ते सोडून मी गुडघा आणि सायकल लिहीत बसलो होतो. आज पहिल्यापासून सांगतो. मध्येच पत्र बाजूला ठेवू नकोस, एवढंच.

जुन्या पोर्टलवर पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात लाल बटण होतं, ‘धोका कळवा’. मशीन बिघडलं, वायर उघडी पडली, की ते दाबायचं. अर्ज थेट सुरक्षा अधिकाऱ्याकडे जायचा आणि त्यांना त्याच दिवशी येऊन बघावं लागायचं. डिसेंबरात आमचे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“हे लाल काय आहे? पाहुणे येतात, मोठ्या पडद्यावर हेच पान दिसतं. कारखाना आहे की आगीचा बंब?”

“साहेब, ते कामगारांना लागतं.”

“लागतं तर असू दे की. काढ कोण म्हणतंय? आत घे.”

मी आत घेतलं. ‘आपली कंपनी’ उघडायचं, त्यात ‘धोरणे’, त्यात ‘आरोग्य व सुरक्षा’, त्यात ‘नमुने’, आणि तिथे तळाशी तो अर्ज. साहेबांना ‘धोका’ हा शब्दही नको होता, म्हणून नाव बदलून ‘निरीक्षण नोंद’ केलं. ताई, हे नाव मी सुचवलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं.

नवं पोर्टल सुरू झालं त्याच्या चौथ्या दिवशी तुझा फोन आला. बैठकीच्या खोलीत आमच्या विभागाचं कौतुक चाललं होतं. तू घाईत होतीस. “गोटू, प्रेस मशीनपुढच्या जाळीचा खटका सैल झालाय. जाळी उघडी असली तरी मशीन चालतंय. इनचार्ज म्हणतो, तोंडी चालत नाही, पोर्टलवर टाका, आणि तोवर मशीन बंद करायचं नाही. ते लाल बटण कुठे गेलं रे?”

मी तोंडावर हात धरून म्हणालो, “मेनूत आहे ताई, जरा नीट बघ. सगळ्यांना सापडतंय.”

आणि फोन ठेवला. सगळा रस्ता मला तोंडपाठ होता, सांगायला अर्धं मिनिट लागलं नसतं. नंतर करतो म्हटलं, ते राहूनच गेलं. दोन दिवसांनी चिमणीचा हात प्रेसमध्ये सापडला.

याहून वाईट पुढे आहे. इनचार्जनं हात झटकले, मला कोणी काही सांगितलंच नाही म्हणाला. सेक्शनची प्रमुख तू, बिघाड तूच कळवला नाहीस, असं म्हणून सगळं तुझ्यावर आलं. समितीनं आमच्या विभागाला विचारलं, अर्ज पोर्टलवर होता की नव्हता? साहेब एका ओळीचा कागद टाइप करूनच घेऊन आले. ‘सदर अर्ज त्या तारखेस पोर्टलवर उपलब्ध होता.’ त्याच्याखाली सही माझी आहे. ओळ खोटी नाही, असं मी मनाला सांगत राहिलो. मागचं पत्र लिहिलं तेव्हा ती सही करून मला आठ दिवस झाले होते.

गेल्या सोमवारी मी तुमच्या कारखान्यात येऊन गेलो. तुला कळवायचं धाडस झालं नाही. स्टोअरच्या दाराशी तुमच्या सगळ्या सेक्शनचा मिळून एकच कॉम्प्युटर आहे, ते मला माहीतही नव्हतं. पोर्टलची चाचणी मी ऑफिसातल्या पाच जणांकडून करून घेतली होती, प्रत्येकाला स्वतःचं टेबल, स्वतःची खुर्ची. इथे उभ्यानं वापरायचं, हातमोजे काढून, आणि पडदा इतका लहान की माझ्या यादीतल्या खालच्या चार ओळी दिसतच नाहीत. तो अर्ज शोधायला मला स्वतःला सहा मिनिटं लागली. माझ्या हातानं ठेवलेला!

स्टोअरकीपरकाका बघत होते. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, “आमच्या सेक्शनच्या बाई दोन दिवस चहाच्या सुट्टीत इथेच उभ्या असायच्या. चहा गार व्हायचा. मी म्हटलं, राहू द्या हो. तर म्हणाल्या, माझ्या भावानं केलंय ते, असेल इथेच कुठेतरी.”

मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन पोर्टलच्या नोंदी काढल्या. कोण कधी आलं, काय उघडलं, काय टाइप केलं, सगळं त्यात राहतं. तुझ्या नावावर दोन दिवसांत बावीस पानं उघडलेली आहेत. शोधायच्या चौकटीत तू लिहिलेले शब्दही आहेत. ‘धोका’. ‘जाळी’. ‘मशीन बिघाड’. ‘तक्रार’. आणि सगळ्यात शेवटी ‘लाल बटण’. यातल्या ‘धोका’ला तेवढं उत्तर मिळालं होतं, कंपनीचा वार्षिक अहवाल.

ते छापून घेतलं. बटण मी कसं हलवलं, नाव कोणी बदललं, तुझ्या फोनला काय उत्तर दिलं, असं सगळं तीन पानं लिहिलं आणि समितीकडे निघालो. साहेबांनी जिन्यात गाठलं. ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बहिणीची माया मी समजतो. पण विचारतील तेवढंच सांगायचं असतं.”

“काय विचारायचं ते त्यांना कुठे माहीत होतं, साहेब?” मी म्हणालो.

समितीच्या बाईंनी सगळं वाचलं, दोनदा, आणि पोच दिली. परत येऊन मी बटण पहिल्या पानावर आणून ठेवलं. लाल, मोठं, जुन्याच नावानं. कोणाला विचारलं नाही. दुपारपर्यंत पोर्टलचं काम माझ्याकडून काढून घेतलं होतं. सध्या ओळखपत्रं छापतो. बटण मात्र अजून कोणी हलवलेलं नाही, मी रोज बघतो.

माफी मागायची नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो, कारण तू लगेच देऊन टाकशील. नको देऊस. पण मागतो.

गोटू


५ एप्रिल

चि. गोटूस आशीर्वाद.

काल कामावर रुजू झाले. निलंबन मागे घेतल्याचं पत्र हातात मिळालं, आता इनचार्जची चौकशी लागली आहे. नवी जाळी येईपर्यंत प्रेस बंद. बायकांनी माझं स्टूल पुसून ठेवलं होतं. मी त्यावर बसले आणि कामाला लागले.

सही तुझी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. समितीनं तो कागद माझ्यापुढे ठेवला. प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून तू सही ठोकायचास, ती मीच पकडायचे, विसरलास का? तुला केलेल्या फोनबद्दल मी तिथे चकार शब्द काढला नाही. म्हटलं, हा आपणहून सांगतो का बघू. वाट बघायला लावलीस. आणि वाट बघताना मी कशी होते, ते आत्ता लिहीत नाही.

बटण हलवलंस, त्याचा राग जाईल. तुला वरून सांगितलं होतं, नोकरी आहे, मला कळतं. पण ‘सगळ्यांना सापडतंय’ हे अजून लागतं रे. एकोणीस वर्षं सेक्शन सांभाळते मी, आणि त्या दोन दिवसांत त्या पडद्यापुढे उभं राहून मला वाटत होतं की मीच अडाणी. अपघाताच्या सकाळी चिमणीला मी म्हणालेही, “थांब गं, मला येत नाही बहुतेक ते.”

आईला मी फोनवर सगळं सांगून टाकलं. तिला आधीच संशय होता.

चिमणी घरी आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डाव्या हातानं वेणी घालायला शिकतेय. बडबड तेवढीच आहे, पण मध्येच थांबते आणि हाताकडे बघते. तिचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे. येत्या रविवारी चारनंतर जा. मी बरोबर येणार नाही. दारात उभा असशील तेव्हाच सांग, तू कोण आणि तू काय केलंस. ऐकून ती ‘बसा’ म्हणाली, तर बस.

तिथून माझ्याकडे ये. कितीही उशीर झाला तरी जेवायची थांबते.

तुझी,
ताई