आतून आलेलं गाणं

२ जून
राजीनामा दिला. बारा वर्षं पंखे, फिनेल आणि पाण्याच्या टाक्या यांच्यावर जिंगल लिहिल्या. साहेबांचा फॉर्म्युला एकच: पहिल्या ओळीत मालाचं नाव, हुक, म्हणजे कानात अडकणारा तुकडा, तीनदा, तिसऱ्यांदा टाळ्या. आजपासून टाळ्या बंद. यापुढे गाणं आतून येईल तेव्हाच लिहीन. साहेब म्हणाले, जाताना एसी बंद कर. मनातून हादरले असणार.

३ जून
धाकट्या बहिणीला मोठी संधी आली आहे. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देते, पण गळा असा की तिने जिंगल म्हटली तर माझ्या फिनेललासुद्धा वास यायचा. चांगला. एका रेकॉर्ड कंपनीने तिला तीन गाणी देऊ केली आहेत. गीतकार त्यांचाच होता. बाजारू माणसाच्या हाती गळा देऊ नकोस, असं मी फोनवर तासभर समजावलं. शेवटी म्हणाली, बरं दादा, तू लिही. पण महिनाअखेर रेकॉर्डिंग आहे, आणि मला पुन्हा कुणी विचारणार नाही, एवढं लक्षात ठेव.
महिना? आठवडा पुरे.
बायकोला राजीनाम्याचं आज सांगितलं. तिने किराण्याची यादी काढली आणि अर्धी खोडली. अभिमानाने माणसाची भूक मरते.

७ जून, सकाळी १०.२०
पाचला उठायचा संकल्प होता. पण गजर लावून उठणं हाच मुळात फॉर्म्युला आहे.

९ जून
आलं! आंघोळ करताना अख्खी चाल आतून आली. तोंडाला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून बाहेर धावलो आणि बायकोला ऐकवली. ती म्हणाली, ही तुझी फिनेलची जिंगल आहे, फक्त सावकाश म्हटलीस. मी म्हणालो, शक्य नाही. तिने शेवटची ओळ फिनेलच्या नावासकट म्हणून दाखवली. शेजारच्या काकूंनी खिडकीतून साथ दिली.
म्हणजे फिनेलसुद्धा आतूनच आलं होतं तर. साहेबांना उगाच वाटत होतं, श्रेय फॉर्म्युल्याचं आहे.

१३ जून
दुसरी चाल आली. पंखा.

१४ जून
तिसरी. पाण्याची टाकी. बायको आता चाल पूर्ण ऐकायच्या आतच मालाचं नाव सांगते. हे लग्न टिकवायचं असेल तर तिने हे थांबवायला हवं.

१५ जून
दोष माझा नाही, यमकाचा आहे. यमकाला वाट दिली की मागोमाग हुक शिरतो, आणि हुक आला की टाळ्या. म्हणून यमक बंद. ध्रुवपद बंद. एकदा आलेली ओळ पुन्हा येणार नाही. ताल शक्यतो नाही. बायकोने विचारलं, मग उरलं काय? म्हणालो, मी.

२१ जून
तिन्ही गाणी झाली! सासरे आले होते, त्यांना पहिलं ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावरही बराच वेळ तसेच. मग हळूच म्हणाले, जावईबापू, सुरुवात कधी करताय? जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. चालायचंच.
बहिणीचा फोन. गाणी पाठव, बसवून ठेवते म्हणाली. नकार दिला. बसवलेलं गाणं उठत नाही. हे वाक्य चांगलं जमलं, मुलाखतीत वापरायचं. ती म्हणाली, दादा, मला भीती वाटतेय. म्हणालो, मी आहे ना.

२९ जून. रेकॉर्डिंग
कान दुखताहेत. एसीने असेल. सगळं नीट लिहून ठेवतो.
काचेच्या आत बहीण. बाहेर रेकॉर्डिस्ट, कंपनीच्या बाई आणि मी. बहिणीने पहिलं गाणं दोनदा सुरू केलं, दोनदा थांबली. मग माइकवरूनच विचारलं, दादा, यात श्वास कुठे घेऊ? म्हणालो, श्वासाची जागा ठरवली की झाला फॉर्म्युला. तिसऱ्यांदा गायला लागली आणि मधेच तिला ठसका लागला. दुसरं गाणंही तसंच. तिसऱ्याला तर रेकॉर्डिस्टनेच हात वर केला. कंपनीच्या बाई म्हणाल्या, आज राहू द्या, पुढचं कळवतो. पुढचं कळवतो म्हणजे काय, ते मला बारा वर्षांत पाठ झालंय. बहिणीलाही कळलं. माझ्याकडे बघायचंही तिने टाळलं.
मग म्हणाली, माझं एक आहे, ते म्हणू का?
मला हसू आलं. तिने जन्मात ओळ लिहिलेली नाही. भाची हॉस्टेलला गेल्यापासून भांडी पुसताना काहीतरी गुणगुणते म्हणे.

दार ओढून गेलीस, कडी नाही लावलीस,
वारा आला तरी वाटतं, तूच परत आलीस.

वाद्य नाही, काही नाही. रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला. धूळ असते स्टुडिओत. कंपनीच्या बाई पर्स उचलून निघाल्या होत्या, त्या तशाच पर्स धरून उभ्या राहिल्या. भानावर होतो एकटा मी. गाणं संपल्याबरोबर सुचवलं: पहिल्या ओळीत मुलीचं नाव घाल, 'तूच परत आलीस' तीनदा घे, तिसऱ्यांदा टाळ्या.
विचारसुद्धा करावा लागला नाही. एकदम आतून आलं.
बहीण माइकवरून म्हणाली, दादा, तू जरा बाहेर बस.

१८ जुलै
गाणं बाजारात आलं. तीन ठरली होती, आलं एकच. मी लक्ष काढून घेतल्यावर असंच होणार. लोक ऐकताहेत म्हणे. बायको इस्त्री करताना लावते आणि एक शर्ट फार वेळ इस्त्री करत राहते. शेजारच्या काकूंना सांगितलं, यामागे माझा हात आहे. त्या म्हणाल्या, अय्या, कुठे? ऐकू नाही आला.
कंपनीने बहिणीकडे आणखी दोन मागितली आहेत. तिचीच. तपासून देऊ का विचारलं. नको म्हणाली. कामात असेल.

३० जुलै
साहेबांना सहज फोन केला. म्हणाले, तुझ्या जागी माणूस घेतलाय, पण एक गादीवाला आहे, बघतोस का? त्याला तुझ्या बहिणीसारखं मनापासून आलेलं काहीतरी हवंय. चार वाजेपर्यंत.
साडेतीनला दिलं. नाव पहिल्या ओळीत.

२४ ऑगस्ट
बहिणीचा पहिला जाहीर कार्यक्रम. पुढची रांग, नवा शर्ट. गाण्याआधी ती म्हणाली, हे गाणं माझ्या दादामुळे झालं. ऊर भरून आला. उठलो, मागे वळलो, सगळ्यांना नमस्कार केला. बायको बाही ओढत होती. बहीण पुढे म्हणाली, त्याने मला तीन गाणी दिली. एकही गाता येईना, म्हणून हे करावं लागलं.
सगळं सभागृह हसलं. तीही हसली, प्रेमाने. तेच जास्त लागलं.
उभा होतोच, म्हणून पाणी प्यायला जातोय असं दाखवत बाहेर आलो. परत जाऊ लागलो तर दारावरच्या माणसाने पास मागितला. पास बायकोच्या पर्समध्ये. त्याला सांगितलं, मी गाणाऱ्या बाईंचा भाऊ, हे गाणं खरं तर...
तो दाराला कान लावून उभा होता. ओठांवर बोट ठेवून म्हणाला, जरा गप्प बसता का? ऐकू द्या.