खिशातला कागद

मंगळवार, मुरबाड

आमदारांनी धंद्याला, रोजगाराला किती मदत केली, त्याचे आज दहापैकी गुण द्यायचे होते. "नाव नाय लिवायचं ताई, गुप्त आहे," असं आमच्या उद्योजक संघाचा सचिव म्हणाला. मी चार दिले. मसाला कांडायचं यंत्र, डंक, आणून दोन वर्षं झाली, वीजजोडणी नाही, सहा बायका हाताने मिरची कांडतायत. जास्त कशाला देऊ?

बाकीच्यांचे कागद त्याने पिशवीत टाकले. माझा मात्र शर्टाच्या खिशात. चुकून? कोण जाणे.

आत्ता त्याचाच फोन. "ताई, उद्या वायरमन येतोय तुमच्याकडे."

आज मी तर विजेचा विषयही काढला नव्हता, कागदावर नुसता चारचा आकडा! मग खिशातला कागद पोचला कुणाकडे? आणि मला मेलीला तो वायरमन हवाच आहे.